घाटमाथ्यावरून थेट बेटावर : वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील, म्हणजे जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यांतील वाचकांची आहेत. फार आखणी न करता, मनात आले की उठून एखाद्या उष्ण हवेच्या, गजबजलेल्या बेटावर जाता येईल का, असे त्यांतील अनेकांनी विचारले आहे. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. व्हिसा आणि परवान्यांचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी ते अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्यावेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी बामणोलीच्या वरच्या अंगाला राहतो. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो आहे. मुलगा मुंबईत असतो. त्याच्या मित्रांनी एका संध्याकाळी ठरवले आणि त्याच आठवड्यात ते बालीला पोहोचलेही. आम्ही आयुष्यभर प्रत्येक गोष्ट आधी ठरवून केली. आता एकदा तरी असे उठून निघावे, असे दोघांनाही वाटते. पासपोर्ट काढून ठेवले आहेत. परंतु आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर रातकिड्यांखेरीज आवाज नसतो. येथून एकदम त्या गर्दीत जाणे आम्हाला झेपेल का? पत्नी माळकरी आहे, तिच्या जेवणाचे काय करावे?
(एक वाचक, ता. जावळी)

उत्तर : नक्की झेपेल, आणि आपण दोघांनी जावे असेच मी आग्रहाने सांगेन. इंडोनेशियातील बाली बेटाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासच पुढे आहे, त्यामुळे युरोप-अमेरिकेच्या प्रवासात झोपेचे जे हाल होतात ते येथे होत नाहीत. गर्दीविषयीची आपली शंका मात्र रास्त आहे. बालीचे क्षेत्रफळ सुमारे ५,७८० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या (१०,४८० चौ. किमी) निम्म्याहून थोडे अधिक. तेथील लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार ४३ लाखांच्या घरात आहे, आणि २०२४ या एका वर्षात ६० लाखांहून अधिक परदेशी पर्यटक तेथे येऊन गेले.

परंतु ही गर्दी बेटभर सारखी पसरलेली नाही. विमानतळाच्या उत्तरेला कुटा, लेगियान, सेमिन्याक आणि चांगू अशी किनाऱ्याची एक पट्टी आहे. हॉटेले, दुकाने, रात्री उशिरापर्यंत चालणारे संगीत आणि दुचाक्यांच्या रांगा यांनी ती भरून गेली आहे. आयत्या वेळी निघणारा प्रवासी मोबाईलवर सर्वांत वर दिसेल ते हॉटेल घेतो, ते बहुधा याच पट्टीत असते, आणि शांत गावातून आलेल्या माणसाचा तेथे पहिल्याच रात्री विरस होतो. निघण्याचा दिवस आपण खुशाल आयत्या वेळी ठरवा, पण पहिल्या दोन रात्रींचा मुक्काम विचार करूनच निवडा. माझ्या मते आपल्यासाठी पूर्व किनाऱ्यावरील सानूर योग्य आहे. विमानतळापासून ते सुमारे १५ किलोमीटरवर आहे, समोर प्रवाळाचा बांध असल्यामुळे लाटा दूरच फुटतात, किनाऱ्यालगत लांबच लांब पायवाट आहे आणि सूर्य समुद्रातून उगवताना दिसतो. तेथून एका संध्याकाळी कुट्याला जाऊन ती झगमग मनसोक्त पाहावी आणि झोपायला सानूरला परत यावे.

नंतरचे दोन-तीन दिवस डोंगराकडे काढावेत. सिदेमेन, मुंडुक आणि जातिलुविह ही तिन्ही ठिकाणे आपल्याला आवडतील. मुंडुकच्या उतारावर कॉफी आणि लवंगेची झाडे आहेत, आणि तेथे संध्याकाळी अंगावर काही घ्यावेसे वाटते. जातिलुविहची भातखाचरे तर आपण अवश्य पाहावीत. तेथे पाटाचे पाणी 'सुबक' नावाच्या शेतकरी मंडळांमार्फत वाटले जाते आणि त्या वाटपात जलमंदिरांनाही मान असतो. पाट जेथे फुटतो तेथे एक आडवे लाकूड किंवा दगड बसवलेला असतो आणि त्याला खाचा पाडलेल्या असतात. सगळ्या खाचांची खोली सारखी, रुंदी मात्र ज्याचा जितका वाटा तितकी, त्यामुळे पाणी आपोआप हिश्श्याप्रमाणे विभागले जाते. भातशेतीच्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला त्या खाचांपाशी उभे राहिल्यावर वाटाड्याची गरज पडणार नाही. या सुबक भूप्रदेशाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०१२ मध्ये स्थान मिळाले. त्याच वर्षी पश्चिम घाटही त्या यादीत गेला, आणि त्यात आपले कास पठार आहे.

एक तारीख मात्र पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये. बालीतील हिंदू समाज शक कालगणना पाळतो आणि तिचा वर्षांक आपल्या शालिवाहन शकाशी जुळतो. त्यांचा नववर्षाचा दिवस म्हणजे 'न्येपी'. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत सगळे बेट मौन पाळते. अग्नी पेटवायचा नाही, काम करायचे नाही, घराबाहेर पडायचे नाही, करमणूक करायची नाही. पर्यटकांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर जाता येत नाही, रात्री दिवे झाकून ठेवतात, मोबाईलचे इंटरनेट बंद असते आणि न्गुराह राय विमानतळ पूर्ण चोवीस तास बंद राहतो. २०२३ आणि २०२६ या वर्षांचा न्येपी नेमका आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशी पडतो. २०२४ मध्ये मात्र तो ११ मार्चला होता आणि आपला पाडवा ९ एप्रिलला, कारण अधिक महिना धरण्याचे दोन्हीकडचे गणित वेगळे आहे. म्हणजे पाडव्याच्या जोडून आलेल्या सुट्टीत सहज निघालेला माणूस अडकून पडू शकतो. आपल्यासारख्यांनी मात्र न्येपीच्या तीन-चार दिवस आधी मुद्दाम पोहोचावे असे मला वाटते. आदल्या संध्याकाळी 'ओगोह-ओगोह' म्हणजे राक्षसांचे प्रचंड पुतळे वाजतगाजत मिरवतात, सगळा रस्ता माणसांनी फुलून जातो, आणि दुसऱ्या सकाळी त्याच रस्त्यावर चिटपाखरूही नसते. ज्यांना गजबज आणि शांतता दोन्ही हवी आहेत त्यांच्यासाठी याहून चांगला मुहूर्त मला ठाऊक नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. पासपोर्टची मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचे तिकीट जवळ असावे. भारतीयांना पोहोचल्यावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा पाच लाख रुपियाचा आहे आणि तो आधी ऑनलाइनही काढता येतो. याशिवाय बाली प्रांत फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपिया वेगळे घेतो. लाखांचे आकडे पाहून दचकू नये, रुपिया हे फार कमी किमतीचे चलन आहे.

आता पथ्याविषयी. तेथे भाजी मागवली तरी तिच्यात आणि चटणीत 'तेरासी' म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा घातलेला असतो. तो दिसत नाही, पण माळकरी माणसाला चालणार नाही. मागवतानाच "तान्पा तेरासी", म्हणजे तेरासी न घालता, असे सांगावे, आणि मासे-मांस-अंडे नको हेही स्वतंत्रपणे सांगावे. सोयाबीन आंबवून केलेल्या 'तेम्पे'च्या वड्या, टोफू, भात आणि फळे सर्वत्र मिळतात. गावाकडच्या थंड हवेतून गेल्यावर तेथील दमटपणाचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत अधिक जाणवतो, कारण घाम येतो पण वाळत नाही. या दिवसांत दुपारी अकरा ते तीन सावलीत राहावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत जावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांतील काहींमुळे शरीरातील पाणी कमी होते.

प्रश्न : माझे पती मुंबईत माथाडी कामगार आहेत. त्यांना सुट्टी मिळेल तेव्हाच मिळते, आधी सांगता येत नाही. आम्हा कोणाचाच पासपोर्ट नाही. डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा दिवस मिळाले तर दोन मुलांना घेऊन बेटावर जाता येईल का? लक्षद्वीप जवळ आहे, असे ऐकते.
(एक वाचिका, ता. पाटण)

उत्तर : आपण अंदमानला जावे. नकाशावर लक्षद्वीप जवळ दिसते, परंतु तेथे जाण्यासाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, आणि कोचीहून आगत्तीला जाणारी विमाने व जहाजे मोजकीच असतात. सुट्टी अवचित मिळणाऱ्या कुटुंबाचे ते ठिकाण नव्हे. अंदमानात श्री विजयपुरम (सप्टेंबर २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर), स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (पूर्वीचे नील) येथे भारतीयांना परवाना लागत नाही. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र जवळ असले की पुरे, मुलांचीही आधार कार्डे विसरू नयेत. चेन्नईहून जहाजही सुटते, पण त्याला तीनेक दिवस लागतात. पाच-सहा दिवसांच्या सुट्टीत पुणे किंवा मुंबईहून चेन्नई, बंगळूर अथवा कोलकातामार्गे विमानानेच जावे लागेल. आयत्या वेळचे तिकीट नाताळच्या आठवड्यात फार महाग पडते, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ते बरेच उतरते. पतींना सुट्टीबाबत थोडीशीही निवड असेल तर ती येथे वापरावी.

अंदमानात दिवस लवकर उजाडतो आणि लवकर मावळतो. घड्याळ तेच, पण ही बेटे साताऱ्याच्या इतकी पूर्वेला आहेत की सूर्य सुमारे सव्वा तास आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. दुपारी जेवून, थोडी विश्रांती घेऊन चारला समुद्रावर गेलात तर मुले पाण्यात उतरेपर्यंत अंधार पडू लागेल. सकाळी सहालाच बाहेर पडावे. पाटणकडच्या माणसांना हे जड जाणार नाही.

गजबज पाहायची असेल तर ती स्वराज द्वीपच्या बाजारात आणि राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळी असते. शहीद द्वीप त्या मानाने निवांत आहे आणि लहान मुलांना सोपे आहे. बेटांमधल्या बोटी खराब हवामानात रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र श्री विजयपुरमलाच काढावी. त्या दिवशी १९०६ मध्ये पूर्ण झालेले सेल्युलर जेल मुलांना सावकाश दाखवावे. सातही पाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत, पण एका कोठडीत पाऊल टाकले की पाठ्यपुस्तकातले वाक्य मुलांना वेगळे वाटू लागते. बाराटांगला जाणारा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव क्षेत्रातून जातो. तेथे वाहने ताफ्याने सोडतात आणि त्या लोकांचे छायाचित्र काढणे हा गुन्हा आहे. माझे स्पष्ट मत आहे की तो रस्ता टाळावा. माणसे ही बघायची वस्तू नव्हे. किनाऱ्यावरची प्रवाळे मुलांनी पिशवीत भरली तर विमानतळावर ती काढून घेतली जातात, हेही त्यांना आधीच समजावून सांगावे.

प्रश्न : आमची स्ट्रॉबेरीची शेती आहे. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. मोकळे दिवस येतात ते भाताची लावणी उरकल्यावर, भर पावसात. त्या दिवसांत कोणते बेट चालेल? माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. पासपोर्टवर त्यामुळे ईसीआर असा शिक्का आहे.
(एक शेतकरी, ता. महाबळेश्वर)

उत्तर : ज्या मोसमी वाऱ्यांनी महाबळेश्वर भिजते तेच वारे जुलै-ऑगस्टमध्ये अंदमान, लक्षद्वीप आणि थायलंडमधील फुकेतचा समुद्रही खवळून टाकतात. म्हणून विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे पाहावे. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये तेथे सर्वाधिक गर्दी असते. मॉरिशसमध्ये त्या वेळी हिवाळा असतो.

ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी कामाला जाण्यापूर्वी तपासणी आवश्यक) या शिक्क्याचा संबंध नोकरीसाठी जाण्याशी आहे. सरकारच्या यादीतील १८ देशांत कामाला जायचे असेल तर मंजुरी घ्यावी लागते. पर्यटनाला ती लागत नाही. मात्र इंडोनेशिया आणि थायलंड त्या यादीत आहेत, आणि विमानतळावर आपल्याला अधिक प्रश्न विचारले जाऊ शकतात. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि पैशांची सोय यांचे कागद हातात ठेवावेत. मॉरिशस त्या यादीत नाही, तेथे भारतीय पर्यटकांना आधी व्हिसाही काढावा लागत नाही, आणि फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयही सुरू झाले आहे. आपल्यासाठी तेच सोयीचे दिसते. हिवाळ्यात तेथे आग्नेयेकडून जोराचा वारा वाहतो, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर उतरावे.

आणखी एक कारण आहे, जे मला फार मोलाचे वाटते. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेलेल्या भारतीयांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज तेथे आहेत, शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. ज्या बंदरघाटावर ही माणसे उतरली तो 'आप्रवासी घाट' पोर्ट लुईस या राजधानीत जपून ठेवला आहे. समुद्रापेक्षाही तेथील त्या दगडी पायऱ्यांपाशी आपण अधिक वेळ द्यावा.

प्रश्न : फुलांच्या हंगामात कासच्या वाटेवर शनिवार-रविवारी गाड्यांची इतकी रांग लागते की आमच्या गावातल्या आजारी माणसाला साताऱ्याला नेणे मुश्कील होते. आता मित्र थायलंडच्या बेटांवर जाऊ म्हणतात. आम्हीही तिथल्या गावांना असाच त्रास देणार का, हा विचार मनातून जात नाही.
(एक तरुण वाचक, ता. सातारा)

उत्तर : आपला विचार मला मनापासून पटतो, आणि तो मनातून जाऊ देऊ नये. कासला वाहने आणि माणसे यांवर मर्यादा घालून आधी नोंदणी का करावी लागली, हे आपण जवळून पाहिले आहे. थायलंडच्या फी फी बेटावरील माया बे या खाडीत लोक लोटल्यामुळे प्रवाळ मरू लागले. सरकारने २०१८ च्या जूनमध्ये ती बंद केली आणि २०२२ च्या जानेवारीपर्यंत उघडली नाही. आताही दरवर्षी पावसाळ्यात दोन महिने ती बंद असते, आणि बोटी थेट खाडीत येऊ देत नाहीत. फिलिपिन्सने तर बोराकाय हे आपले सर्वांत लोकप्रिय बेट २०१८ मध्ये सांडपाण्यामुळे सहा महिने संपूर्ण बंद ठेवले होते. रोजगार बुडाला तरी या सरकारांनी ते केले, याचे मला कौतुक वाटते.

न जाणे हा त्यावर उपाय नाही, कारण त्या गावांचे पोट आता पाहुण्यांवर आहे. अचानक निघणाऱ्याच्या हाती उलट एक चांगली गोष्ट असते. त्याला शनिवार-रविवार, नाताळ किंवा लागून आलेल्या सुट्ट्या धरून जावे लागत नाही. आपण मंगळवारी निघा. हॉटेलच्या साखळीऐवजी स्थानिक कुटुंबाने चालवलेल्या घरात राहा. गोडे पाणी बेटांवर आपल्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या पाण्याइतकेच तोलूनमापून असते, ते तसेच वापरा. रस्त्यावर गाडी लावताना आपल्या गावातला तो आजारी माणूस आठवा.

प्रश्न : मी शिवसागर जलाशयात लहानपणापासून पोहतो. समुद्रात उतरताना वेगळी काळजी घ्यावी लागते का?
(एक वाचक, बामणोली)

उत्तर : घ्यावी लागते, आणि चांगल्या पोहणाऱ्यानेच ती अधिक घ्यावी, कारण तो बिनधास्त आत जातो. खाऱ्या पाण्यात अंग अधिक तरंगते, त्यामुळे सुरुवातीला पोहणे सोपे वाटते. धोका आहे तो ओढीचा. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परतते. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध जेथे पाणी शांत आणि गडद दिसते, तेथेच बहुधा ही ओढ असते, आणि जलाशयात पोहणाऱ्याला नेमकी तीच जागा उतरायला बरी वाटते. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट करू नये, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर यावे आणि मग लाटांबरोबर तिरके परतावे. दम कमी असेल तर नुसते तरंगत राहून हात वर करून मदत मागावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटी मोठी असते, त्या दिवसांत विशेष जपावे. लाल निशाण लावलेले असेल तर पाण्यात उतरू नये, आणि निशाण नसेल तर तेथील कोळ्यांना किंवा जीवरक्षकांना विचारल्याशिवाय कमरेपेक्षा खोल जाऊ नये.